साळूचा भोवरा

१

शाळांना सुट्टी लागली, सगळी नातवंडं आजोबांकडे जमली आणि घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, की आजोबा आपलं दुकान उघडायचे. वर्षातून एकदाच, तेही एका दुपारपुरतं. मोतीबिंदूने डोळे गढूळ झाले आणि हाताला कंप सुटला, तेव्हाच त्यांनी गिऱ्हाइकांना सांगून टाकलं होतं, की बाबांनो, कान शाबूत हवे असतील तर आता दुसरा न्हावी शोधा. नातवंडांवरचा हक्क मात्र त्यांनी सोडला नव्हता. सुट्टीच्या आधी कितीतरी दिवस पोरांच्या डोक्याला कुणी कात्री लावायची नाही, हा घरचा कायदाच होता. त्यामुळे सुट्टीत दारातून आत येणारं प्रत्येक पोर जंगलातून धरून आणल्यासारखं दिसायचं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक दार रस्त्याकडे, एक घरात. मधोमध फिरती खुर्ची आणि समोर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आरसा. पोरं लहान, म्हणून खुर्चीच्या दोन हातांवर फळी आडवी टाकायची, तिच्यावर पोराला बसवायचं, गळ्याभोवती कापड गुंडाळायचं, की मग कितीही मोठा शूरवीर असो, त्याची शेळी होऊन जायची.

आजोबांना नातवंडांची शाळेतली नावं कधी लागलीच नाहीत. सगळं आयुष्य माणसांच्या मागे उभं राहून काढलेलं, त्यामुळे चेहऱ्यापेक्षा त्यांना डोकी जास्त पाठ. थोरल्या मुलाची मुलगी कुरळ्या केसांची, ती लोकर. तिचा धाकटा भाऊ राठ केसांचा, तो काथ्या. मधल्या मुलीची मुलगी झिपरी. ती या वर्षी एकटीच आली होती, तिच्या आईला रजा मिळाली नव्हती. आणि धाकट्या मुलीचा साळू. साळिंदरासारखे उभे केस. पाणी मारा, तेल थापा, कंगवा फिरला की पुन्हा उभे. आता डोळ्यांना फारसं दिसत नसलं तरी आजोबा डोक्यावरून हात फिरवायचे आणि बरोबर नाव सांगायचे. प्रत्येकाचा भोवरा निराळा असतो म्हणायचे. माणूस खोटं बोलेल, त्याचा भोवरा बोलणार नाही.

साळूची आई चाळिशीकडे झुकली तरी या घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून डावीकडे घ्या, उजवीकडे बघा, अहो आरसा कशाला दिलाय, असं ओरडून तिचा घसा कायमचा बसलेला असे. इथे आली की मात्र तिच्या हातात झाडू. बाबांनी कापायचं आणि तिने केर काढायचा, हे ती परकरी पोर होती तेव्हापासूनचं.

या वर्षी घरात एक बोच होती. दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, आई-बाबांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं. घर भाड्याने द्यायचं, दुकान रिकामं करायचं. आरसा आणि खुर्ची न्यायला केस कापण्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी माणूस येणार होता. "बाबा फार विसरतात गं," दादा धाकटीला बाजूला घेऊन म्हणाला. "परवा चहाचं आधण ठेवलं आणि बाहेर जाऊन बसले. आईला एकटीला नाही झेपायचं आता." तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यांखाली काळजीने काळं झालं होतं.

दादाचं बरोबर होतं, आणि तिला ते आवडत नव्हतं.

२

जेवणं उरकली, आजोबांनी कापड झटकलं आणि आरोळी दिली, "चला, मेंढरं आणा रे!"

लोकर आधी, मग काथ्या, मग झिपरी. अंगाला केस टोचतात म्हणून पोरगे उघडे बसायचे. आजोबांचा हात कापायचा, पण कात्री केसांत शिरली की कंप कुठल्या कुठे जायचा, हे धाकटीने पुन्हा एकदा पाहिलं आणि तिला बरं वाटलं. आजी बाकावर बसून ज्याचं झालं त्याला टॉवेलने झटकत होती. दादा दारात उभा राहून बापाच्या हाताकडे टक लावून पाहत होता.

शेवटी साळू. त्याच्या पायाला भिंगरी. फळीवर बसल्यापासून त्याचं चालू होतं, आजोबा टोचतंय, आजोबा झालं का, आजोबा मला टक्कल करा. आरशात बघून जीभ काढ, डोळे वाकडे कर. आजोबांनी नेहमीप्रमाणे उजव्या बाजूने सुरुवात केली. कात्रीचा कचकच आवाज, आणि केसांचे काटे खुर्चीच्या उजव्या अंगाला पडत होते. अर्धं डोकं झालं, आणि परसातून झिपरीची किंकाळी आली.

भिंतीवर चढली होती बाईसाहेब. खाली पडली, गुडघा फुटला. आधी दादा धावला, मागून आजी, मग कात्री ठेवून चाचपडत आजोबा. साळू फळीवरून उतरायला लागला.

"हलायचं नाही," धाकटी म्हणाली. "अर्धवट डोकं घेऊन कुठे निघालास? बस तिथेच. आलेच मी."

गुडघा धुणं, पट्टी, समजूत, मग सगळ्यांनी मिळून झिपरीला ओरडणं, यात असा कितीसा वेळ गेला असेल. धाकटी परत आली तेव्हा साळू फळीवर बसला होता. ताठ. दोन्ही हात कापडाखाली. आरशात न बघता खाली मान घालून.

"शहाणा माझा तो," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिच्या मनात पाल चुकचुकली. साळूला शहाणा म्हणायची वेळ आजवर तिच्यावर आली नव्हती.

आजोबा आले. कंगवा घेतला, डावा हात सवयीने पोराच्या टाळूवर ठेवला. बोटं भोवऱ्यापाशी गेली आणि थांबली.

"हे कोण बसलंय?"

"साळू आहे, बाबा."

"साळूचा भोवरा उजव्या अंगाला." त्यांची बोटं पुन्हा एकदा फिरली, हळूच, पोराला कळू नये अशी. "हा डावीकडे आहे."

दारातून दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी नुकतीच स्वयंपाकघरातून हात पुसत आली होती. ते बघणं धाकटीला चांगलं कळलं. बघ, मी म्हणत नव्हतो?

"आणि मी उजवी बाजू कापली होती," आजोबा म्हणाले.

आता सगळ्यांनीच पाहिलं. उजव्या बाजूचे केस जसेच्या तसे उभे होते. कापलेली होती ती डावी.

"डावीकडून सुरुवात केली असेल तुम्ही," दादा मऊ आवाजात म्हणाला. "होतं असं."

"मी?" आजोबा म्हणाले. "डावीकडून?"

धाकटीने खाली पाहिलं. साळूच्या केसांचे काटे खुर्चीच्या उजवीकडे पडले होते. डावीकडची फरशी स्वच्छ. तिच्या नजरेचा माग काढत वहिनीनेही पाहिलं आणि म्हणाली, "पंख्याने उडाले असतील."

केस कापताना या खोलीत पंखा कधी लावत नसत. आत्ताही तो बंदच होता.

आजोबांनी वाद घातला नाही. राहिलेली बाजू त्यांनी फार सावकाश कापली, नवजात बाळाची कापावी तशी. शेवटी पोराच्या गालाला हात लावून विचारलं, "थंडी वाजते का रे?"

पोराने होकारार्थी मान हलवली. बाहेर चांगलं ऊन होतं. आजोबांनी अंगातला स्वेटर काढला आणि त्याला त्यात गुंडाळलं. दादा पुढे होऊन फळी काढायला लागला, तेव्हा धाकटीने पाहिलं, की बाबा रडत होते.

३

अंघोळीच्या वेळी तिला तीळ दिसला.

साळूच्या उजव्या डोळ्याखाली तीळ होता. तो जन्मला तेव्हा दाईने दाखवलेला, तीटच लावून आलाय म्हणून. तो आता डाव्या डोळ्याखाली होता.

माणसाचं मन मोठं हुशार असतं. जे बघायचं नाही त्याला ते आधी कारण शोधून देतं. धाकटीने स्वतःला सांगितलं, आपण आयुष्यभर याला बघतोय कुठे, तर समोरून. समोरच्याचं उजवं आपलं डावं. शिवाय गाडीत आपण पुढे, हा मागे, म्हणजे अर्धा वेळ तो आपल्याला आरशातच दिसतो. गोंधळ होणारच. नवी शिकणारी माणसं पहिल्या दिवशी असाच गोंधळ घालतात आणि आपण त्यांना हसतो.

तरी हात पुसून तिने फोन उघडला. एका फोटोत तीळ उजवीकडे, पुढच्यात डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. कारण साळू फोन पळवायचा आणि स्वतःच स्वतःचे फोटो काढायचा, आणि पुढच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो उलटे साठतात. कोणता कुणी काढला हे आता कोण सांगणार? ज्यांच्यावर भिस्त होती त्या साक्षीदारांनीच साक्ष फिरवली. तिला हसू आलं, आणि ते हसू आपलं आपल्यालाच बरं वाटलं नाही.

"आई," पोरगा म्हणाला. "डोळे मिटू का?"

साबण लावताना साळू डोळे मिटत नसे. म्हणून तर दर अंघोळीला बोंब असायची. हा पोरगा डोळे गच्च मिटून, हात जुळवून उभा होता. तिने डोक्यावर पाणी ओतलं. भोवरा दिसला, डावीकडे, पाण्याने चपटा झालेला. कढत पाणी पडूनही त्याचं अंग गारच लागत होतं.

"डावा हात वर कर बघू," ती सहज म्हणाल्यासारखी म्हणाली. रस्त्यात कुठे वळायचं हे तिने साळूला चालायला लागल्यापासून शिकवलेलं. डावं-उजवं त्याला झोपेतही विचारलं तरी चुकत नसे.

त्याने उजवा हात वर केला. मग डोळे किलकिले करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे त्याला काय दिसलं कोण जाणे, त्याने तो हात घाईघाईने खाली घेतला आणि डावा वर केला. आणि बरोबर आलं का, अशा नजरेने तो बघत राहिला.

४

संध्याकाळी अजून उजेड होता. पोरं घरभर लपाछपी खेळत होती. धाकटी स्वयंपाकघरात आजीला भाजी चिरून देत होती आणि साळू तिच्या शेजारी, तिच्या कपड्याचं टोक धरून. दुपारपासून त्याने तिला सोडलं नव्हतं.

"जा की, खेळ," आजी म्हणाली. "आईच्या पाठीला काय चिकटलास डिंकासारखा?"

त्याने मान हलवली. आजीने प्रेमाने त्याचा गालगुच्चा घेतला. तिला काही वेगळं वाटत नव्हतं. कुणालाच वाटत नव्हतं. उलट वहिनी दोनदा म्हणून गेली होती, की बाई, या वर्षी साळूला वळण लागलं.

तेवढ्यात काथ्या आला, धापा टाकत, रागाने लाल.

"आत्या, साळूला सांग ना! राज्य त्याच्यावर आलंय आणि तो खुर्चीतून उठतच नाही."

धाकटीचा हात थांबला. साळू तिच्या शेजारी होता. त्याच्या मुठीत तिचा पदर होता.

"कुठल्या खुर्चीतून?"

"दुकानातल्या. मी किती हाका मारल्या, तो नुसता बघतो आणि तोंड हलवतो. बोलत पण नाही नीट." मग काथ्याचं लक्ष तिच्या शेजारी गेलं. त्याने साळूकडे पाहिलं, मागे दुकानाच्या दाराकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरत गेला. "मग ते..." तो म्हणाला, आणि आजीच्या मांडीत जाऊन बसला.

"पोरं ना, काहीही दिसतं यांना," आजी म्हणाली.

धाकटी उठली. साळूने तिचा पदर सोडला नाही, तेव्हा तिने त्याची बोटं एकेक करून उकलली. तो रडला नाही. फक्त म्हणाला, "तिकडे नको ना जाऊ."

दुकानाचं आतलं दार अर्धवट उघडं होतं. शटर खाली, फटींमधून येणारा उजेड. खुर्ची रिकामी. फळी भिंतीला टेकवलेली. तिने दिवा लावला. काही नव्हतं. आरशात ती, खुर्ची, बाक, खुंटीवरचं कापड, सगळं जिथल्या तिथे. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि दिवा मालवायला हात केला.

मग तिला तो डाग दिसला. आरशावर, खुर्चीच्या बरोबर समोर, फळीवर बसलेल्या पोराचं तोंड जिथे येईल तेवढ्या उंचीवर, वाफ धरली होती. काचेला तोंड लावून कुणी श्वास सोडावा तशी, वाटीएवढी.

काथ्या. काथ्यानेच तोंड लावलं असणार, पोरांना सवयच असते. ती पुढे झाली आणि पदराने तो डाग पुसला.

तो पुसला गेला नाही. तिने पुन्हा पुसला, जोर लावून. काच कोरडी होती, तिच्या पदराला ओल लागली नाही. ती बघत असतानाच तो डाग आपोआप आक्रसत गेला, नाहीसा झाला, आणि क्षणभराने पुन्हा उमटला.

तिने दिवा मालवला नाही. ती तिथून पळाली, आणि पळत असताना तिला कळत होतं, की आपण आपल्या पोराकडे पाठ करून पळतोय.

५

त्या रात्री तिला झोप लागली नाही. पोरगा तिला बिलगून झोपला आणि तिने त्याला दूर लोटलं नाही, पण जवळही घेतलं नाही. उजाडेपर्यंत ती एकाच गोष्टीचा विचार करत होती. सकाळी माणूस येणार, आरसा उतरवणार, कुठेतरी नेऊन उभा करणार. नाहीतर फोडणार. आणि मग?

हे वेड्यासारखं आहे हे तिला समजत होतं. उद्या हे कुणाला सांगितलं तर दादा बाबांच्या जोडीने आपल्यालाही नेऊन बसवेल, हेही समजत होतं. पण आईच्या जिवाला समजुतीचं काही देणंघेणं नसतं.

न्याहारीला सगळी पोरं टेबलाभोवती बसली. दूध, ब्रेड, उकडलेली अंडी, आरडाओरडा. साळू कोपऱ्यात बसला होता. त्याच्या उजव्या हातात चमचा होता. चमचा तोंडापर्यंत जाईतो निम्मं दूध शर्टावर सांडत होतं, तरी तो डावा हात मांडीखाली दाबून धरून पुन्हा पुन्हा उजव्यानेच घेत होता. एक चमचा नीट तोंडात गेला, तेव्हा त्याने मान वर करून धाकटीकडे पाहिलं.

ती त्याच्याकडे हात करत उठली, तसा त्यानेही हात पुढे केला, आणि तिने आपला हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. नकळत. पण त्याने पाहिलं. त्याने चमचा खाली ठेवला आणि बशीकडे बघत बसला.

एवढं वाईट आपण आयुष्यात कधी वागलो नाही, असं तिला वाटलं. आणि तरी तिला दुसरं काही सुचत नव्हतं, कारण तिचं पोर त्या खोलीत होतं.

बाहेर शटर वर गेल्याचा खडखडाट झाला.

ती धावली. दादा आणि एक दांडगा माणूस आरशापुढे उभे होते. माणसाच्या हातात पेचकस होता आणि एका कोपऱ्यातला स्क्रू निम्मा बाहेर आला होता. बाकावर आजोबा बसले होते, हात मांडीवर, कुणी त्यांना तिथे ठेवून विसरून गेल्यासारखे.

"आरसा निघणार नाही," धाकटी म्हणाली.

"अगं, ठरलंय आपलं."

"तुझं ठरलंय. मला कुणी विचारलं? आरसा मला हवाय. मी घेऊन जाईन, नाहीतर मी इथेच येऊन राहीन. पण याला हात लावायचा नाही."

"एवढा मोठा आरसा तू कुठे लावणार?" दादा वैतागला. "वेड लागलंय का तुला?"

"लागलंय," ती म्हणाली. "स्क्रू बसवा तो परत."

तिच्या आवाजात असं काही असावं, की त्या माणसानेच आधी माघार घेतली. पेचकस उलटा फिरवून त्याने स्क्रू घट्ट केला, आणि तुम्ही घरचे आधी ठरवा, मग मला बोलवा, असं म्हणत बाहेर पडला. दादा त्याची समजूत घालायला मागोमाग गेला. घरातून पोरांचा गलका येत होता. दुकानात बाप आणि लेक, दोघंच राहिली.

धाकटी आजोबांच्या पायाशी फरशीवर बसली.

"तुम्हाला काल कळलं होतं," ती म्हणाली. "हात लावला तेव्हाच."

आजोबांनी होकार दिला.

"मग त्याला परत आणा, बाबा. या खोलीतलं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. याला पुन्हा फळीवर बसवा, काहीही करा, पण माझ्या साळूला परत आणा."

"कसं आणायचं ते ठाऊक असतं," आजोबा म्हणाले, "तर मी तेव्हाच आणलं असतं."

"तेव्हा म्हणजे काल?"

त्यांनी हात पुढे केला, चाचपडत, आणि तो तिच्या डोक्यावर ठेवला. ती मोठी झाल्यापासून त्यांनी असा हात ठेवला नव्हता. बोटं केसांमधून वाट काढत टाळूपर्यंत गेली, भोवऱ्याला लागली, आणि तिथेच थांबली. कंप सुटलेला तो हात आता अगदी स्थिर होता.

"त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं," ते हळू आवाजात म्हणाले. "तुला फळीवर बसवलं होतं. तुझ्या आईने हाक मारली म्हणून मी जरा आत गेलो. परत आलो तर तू थंडीने कुडकुडत बसली होतीस. मी डोक्याला हात लावला."

धाकटीने आपला हात त्यांच्या बोटांवर, भोवऱ्यापाशी नेला.

"मी सगळं करून पाहिलं," ते म्हणाले. "मग तू बाबा म्हणून दोन्ही हात वर केलेस. आता मला सांग, माणसाने काय करायचं? घेतलं कडेवर. कुणाला बोललो नाही, तुझ्या आईलासुद्धा नाही. लेकरू माझंच होतंस की."

"आणि ती?" धाकटीने विचारलं. आपला आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "ती दुसरी?"

"डोळे चांगले होते तोवर मी एक दिवस दुकान बंद ठेवलं नाही," आजोबा म्हणाले. त्यांचं तोंड आरशाकडे वळलं, पण गढूळ डोळ्यांना तिथे काही दिसत नव्हतं. "मला आता दिसत नाही. तू बघ."

तिला बघायचं नव्हतं. तिने मान वर केली.

आरशात खुर्ची होती, बाक होता, आणि बाकावर एक म्हातारा, पुढे हात करून बसलेला. त्या हाताखाली कुणी नव्हतं. त्याच्या पायाशी फरशी रिकामी होती. खुर्चीच्या मागे एक बाई उभी होती, चाळिशीकडे झुकलेली, धाकटीच्याच चेहऱ्याची. तिचा हात उघड्या अंगाच्या, अर्धवट कापलेल्या डोक्याच्या एका पोराच्या खांद्यावर होता. पोरगा रडत नव्हता. तो जीभ काढून तिला वेडावत होता, आणि ती बाई हसत होती.

"आई."

दारात पोरगा उभा होता, शर्टभर दूध सांडलेला. आत यावं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"मी उजव्या हाताने सगळं संपवलं," तो म्हणाला.

धाकटीने बापाचा हात डोक्यावरून अलगद काढला, उठली आणि दारापाशी गेली. "कुठल्याही हाताने खाल्लं तरी चालतं रे राजा," ती म्हणाली, आणि त्याला उचलायला वाकली. त्याला घट्ट कवळून ती वळली, तेव्हा आरशातल्या बाईने आपलं पोर आधीच कडेवर घेतलेलं होतं, आणि ती त्याला घेऊन खोलीबाहेर चालली होती.